जुन्या सायकलचे सुटे भाग

जुनी सायकल पुन्हा उभी करणाऱ्या माणसांत एका प्रश्नावर हमखास वाद होतो. मूळ कंपनीचाच, पण इतकी वर्षं कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळून पडलेला, कधीच न वापरलेला भाग घ्यावा, की दुसऱ्या सायकलचा उतरवलेला भाग चालेल? पहिल्याला बाजारात पेटीपॅक म्हणतात, आणि त्याची किंमत ऐकली की माणूस आधी खाली बसतो. माझ्या भाच्याच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही. पैसे असतील तर पेटीपॅक. मला ते तितकंसं पटत नाही.

आमच्यापुढे सायकल होती ती माझ्या अब्बांची. नॉटिंगहॅमची रॅले. मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर. ही कंपनी हबवर साल ठोकत असे, तिथे ५१ हा आकडा अजून स्पष्ट दिसतो. भाच्याला ती रोज कॉलेजला न्यायची आहे. म्हणजे ही सायकल दिवाणखान्यात उभी राहणार नाही, एस.टी. आणि ट्रकच्या शेजारून धावणार आहे. निवड करताना हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

मूळ भागांचा आग्रह निव्वळ हौस असते असं नाही. रॅलेनं आपले आटे वेगळे ठेवले होते. पायडलचा एक्सल ज्या नळीत फिरतो, तिथल्या कपांना बहुतेक ब्रिटिश सायकलींत इंचाला २४ आटे असत, रॅलेला २६. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचा कप पहिला फेरा मुकाट्यानं जातो, मग अडतो, आणि कुणी पान्हा लावून जोर केला की फ्रेमचेच आटे जातात. तेव्हा कप रॅलेचाच हवा. पण नॉटिंगहॅममध्ये सायकली बनणं २००२ साली थांबलं. आपल्याकडचा आसनसोलचा सेन-रॅलेचा कारखानाही बंद पडला. माळ्यावरचा माल कमीच होत जाणार.

आता 'न वापरलेला' या शब्दाकडे जरा नीट पाहू. लोखंडाला काळ लागत नाही, ओल लागते. मेणकागदात कोरडा राहिलेला कप पन्नास वर्षांनीही नवाच असतो. रबराचं तसं नाही. ते हवेनंच कडक होतं. जुन्या डब्यातलं ब्रेकचं रबर दिसायला काळंभोर, पण नखानं दाबा, लाकूड! ते मूळ कंपनीचं असलं तरी रिमवरून नुसतं घसरतं. टायर तर वाकवला की कडेला भेगा दिसतात. या दोन वस्तू आजच्या, ताज्याच घ्याव्यात. त्यात मूळपणाचा हट्ट धरणाऱ्यानं सायकल भिंतीला टांगावी.

चामड्याच्या सीटचीही तीच गत. तेल-मेण न लागता पडून राहिलेली नवी सीट पहिल्याच आठवड्यात रिव्हेटपाशी फाटू शकते. उलट अब्बांची सीट त्यांनी वर्षानुवर्षं निगुतीनं राखली, ती मऊ आहे. शब्दांचंही असंच असतं असं मला वाटतं. कोशात जपून ठेवलेला शब्द कवितेत घातला की कधी कधी मोडतो, आणि बाजारात हजार तोंडांतून गेलेला शब्द ओझं पेलतो. असो.

वापरलेला भाग घ्यायचा तर रॉकेलनं स्वच्छ धुऊन उजेडात धरावा. कपाच्या आतून नख फिरवावं. नख अडलं तर तिथे खड्डा पडला आहे. मग पाव इंची नवे छर्रे टाकूनही उपयोग नाही, ते खड्डे त्यांनाही खातात. आम्हाला जुन्या बाजारात तीन कप मिळाले, त्यातला एकच नखाला उतरला. दुसरा मात्र पेटीपॅक घ्यावा लागला, आणि तो पैसा सार्थकी लागला असं मी म्हणेन. गिअरच्या हबला काहीच विकत घ्यावं लागलं नाही. आतलं तेल चिकट होऊन खटके अडकले होते, ते धुतले. पेटीपॅक हब आणला असता तरी तो उघडून धुवावाच लागला असता, कारण तेल पेटीतही सुकतं.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते पायडलवर. अब्बा डाव्या पायडलवर पाय ठेवून, दोन-तीन ढांगा दामटून मग टांग टाकत. त्यामुळे डावं रबर बाहेरच्या कडेला उतरतं झिजलं आहे, उजवं बरंचसं शाबूत. भाच्यानं कुठून तरी जोडीची जोडी पेटीपॅक शोधून आणली. मी म्हटलं, जुनीच राहू दे. तो म्हणाला, "मामू, पावसाळ्यात पाय घसरला तर?" त्याचं बरोबर होतं. पण मी त्याच्या नव्या जोडीची रबरं दाबून पाहिली. तीही लाकडासारखी. मग अब्बांचीच पायडलं उघडली. एक्सल सरळ, छर्रे बदलण्याजोगे. त्यांत आजची साधी रबरं कापून बसवली. नवी जोडी भाच्यानं दुकानदाराला परत केली, थोडी घट सोसून. अब्बांच्या पायानं झिजलेलं ते डावं रबर मात्र त्यानं मला दिलं नाही, स्वतःकडे ठेवलं.