सोंग कुणाचं, शिलाई कुणाची?



शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली की आपल्या गटांच्या शिलाई मशीनवर सोंगांचे कपडे चढतात. कुणाच्या लेकीला जिजाऊ व्हायचं असतं, कुणाच्या लेकाला पोलीस, तर कुणाला फुलपाखराचे पंख हवे असतात. सोंग घ्यायची ही हौस जगभर आहे. आज आम्ही अशाच एका मोठ्या सोंगाची गोष्ट सांगणार आहोत. ती आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराची.

तारीख २६ मार्च १८८३. व्हँडरबिल्ट हे रेल्वेच्या धंद्यात गडगंज झालेलं घराणं. शहरातली जुनी प्रतिष्ठित घराणी या नव्या श्रीमंतांना आपल्यात धरत नव्हती. म्हणून आल्वा नावाच्या त्यांच्या सुनेनं आपल्या नव्या हवेलीत मोठी मेजवानी ठेवली आणि पाहुण्यांना सोंगं घेऊन बोलावलं. हजारावर माणसं आली. कुणी जुन्या काळचा राजा, कुणी राणी. आल्वा स्वतः इटलीतल्या व्हेनिस शहराची राजकन्या झाली होती.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती तिची जाऊ, अ‍ॅलिस. ती चक्क विजेचा दिवा होऊन आली! न्यूयॉर्कच्या एका भागात एडिसनच्या कंपनीची वीज सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. अ‍ॅलिसच्या पिवळ्या रेशमी पोशाखावर सोन्यारुप्याच्या जरीचं काम होतं. हातात दिवा होता आणि तो पेटवणारी बॅटरी कपड्यात लपवलेली होती. हा पोशाख आजही न्यूयॉर्कच्या शहर संग्रहालयात जपून ठेवला आहे.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या घराण्याकडे पैसा होताच, त्यांनी मानाचं सोंग आणलं. पण मैत्रिणींनो, ते सोंग उभं राहिलं ते शिवणाऱ्या हातांवर. तिथल्या वर्तमानपत्रात तेव्हा छापून आलं होतं की एकाच दुकानात १४० कारागीर पाच आठवडे रात्रंदिवस शिवत होते आणि दीडशेच्या वर पोशाख तयार झाले. कोण काय घालून आलं होतं, ते नावानिशी छापलं गेलं. शिवणाऱ्यांचा मात्र नुसता आकडा आला.

अ‍ॅलिसचा पोशाख पॅरिसच्या चार्ल्स वर्थच्या दुकानात शिवला होता. हा वर्थ मूळचा इंग्लंडचा. पॅरिसमध्ये तो आधी कापडाच्या दुकानात नोकरीला होता. पुढे स्वतःचं दुकान काढल्यावर तो कपड्याच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवू लागला. चित्रकार चित्राखाली सही करतो तशी. म्हणून आज जगाला त्याचं नाव ठाऊक आहे. त्याच्याकडे शेकडो बायका शिवत होत्या, पण त्या पट्टीवर नाव एकट्या वर्थचंच.

ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण आपलंही तसंच होतं. गिऱ्हाईक म्हणतं, 'एका दिवसाचा तर कपडा, त्याला एवढे पैसे कशाला?' कपडा एका दिवसाचा असेल, पण टिकल्या लावताना दुखलेले डोळे एका दिवसाचे नसतात. मशीनची शिलाई आपण मोजतो. हातशिलाई, काजं-बटणं, अस्तर हे मात्र 'बसल्या बसल्या केलं' म्हणून सोडून देतो.

तेव्हा या हंगामात तीन गोष्टी करू या. पहिली, गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि तिनं केलेले तास लिहू. कापणं, टाचणं, टिकल्या, सगळं त्यात धरू. दुसरी, घाईचं, रात्रीचं काम असेल तर त्याचा वेगळा दर ऑर्डर घेतानाच सांगू. तिसरी, प्रत्येक कपड्याच्या आत गटाच्या नावाची पट्टी शिवू. शिवाय जिजाऊंचा, सावित्रीबाईंचा पोशाख दरवर्षी लागतोच. असे काही पोशाख गटाच्या मालकीचे ठेवून भाड्यानं दिले, तर एकदा केलेली मेहनत पुन्हा पुन्हा पैसे देईल.

पट्टीवर गटाचं नाव राहील आणि वहीत प्रत्येकीचं. वर्थच्या दुकानातल्या बायकांना जे मिळालं नाही, ते आपण आपल्या हातानं लिहून ठेवू या.