गोळी आहे, पण परवडते कुणाला?



आजचा विषय आपल्या मोहल्ल्यात मोठ्याने बोलला जात नाही. म्हणून सरळ हिशोबानेच सुरुवात करतो.

एचआयव्हीची लागण होण्याआधीच घ्यायची एक गोळी आहे. तिला ‘प्रेप’ म्हणतात. रोज न चुकता घेतली तर लैंगिक संबंधातून होणारी लागण जवळजवळ पूर्ण टळते. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, आपल्या ‘नॅको’ने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. लागण झाल्यानंतरची औषधं सरकार २००४ पासून फुकट देतं. ही गोळी मात्र बहुतेकांना मेडिकलमधूनच घ्यावी लागते. महिन्याला दीड-दोन हजार, शिवाय तपासण्यांचा खर्च.

आता अकोल्याच्या एखाद्या ट्रकचालकाची बायको डोळ्यासमोर आणा. नवऱ्याला लागण, ती निगेटिव्ह. नवऱ्याने औषधं नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, की त्याच्यापासून तिला धोका राहत नाही. पण त्याला सहा महिने लागू शकतात. तेवढ्या काळाचे दहा-बारा हजार ती कुठून आणणार? कंडोमचा आग्रह किती घरांत बाईला धरता येतो, हे इथल्या मुलींना सांगायला नको. तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, देहविक्रय करणाऱ्या बाया यांना पैशांच्या आधी आणखी एक भीती असते: मेडिकलवाल्याने ओळखलं तर?

किंमत आभाळातून पडत नाही. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला काढली. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एचआयव्हीचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा बड्या परदेशी कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. आज तीच गोष्ट पुन्हा घडते आहे. वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन अमेरिकेत २८ हजार डॉलरच्या पुढे आहे, आणि हैदराबादच्या दोन कंपन्यांनी ते २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला देण्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे साडेतीन हजार रुपये. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळावं, ही मागणी आपण आत्ताच आमदार-खासदारांकडे केली पाहिजे. उशिरा मागितलं तर आधी मुंबई-पुण्याला जाईल, वऱ्हाडाला नेहमीसारखं शेवटी.

तोवर तपासणी तरी करा. अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला ती मोफत होते. २०१७ च्या कायद्याने तुमचा अहवाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री नंबर लिहून घ्या.

आता प्रश्न विचारा. चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालेल, नाव नको.