भूगर्भातील ठेव



उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आपली एक चूक कबूल करावी आणि तिच्यापासून मिळालेला बोध आपणांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

आपल्या शेवगाव तालुक्याच्या उत्तर कडेस जायकवाडीचा जलाशय आहे. पण त्यापासून दूरच्या कोरडवाहू गावांची भिस्त विहिरींवरच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश. खाली काळा कातळ. पाणी साठते ते त्यावरील मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ही ठेव लहान, आणि तिच्यात मुख्य भरणा पावसाचाच.

२०१६ साली आम्ही सेवानिवृत्त झालो व फंडाच्या रकमेतून तीनशे फूट बोअर घेतली. शेतीसाठी साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यास २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने मनाई केली आहे. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस ते ठाऊक नसावे, ही लाजेची गोष्ट! पाणी लागले, पेढे वाटले, ऊस लावला. दुसऱ्याच उन्हाळ्यात बांधापलीकडील धाकट्या बंधूंकडची वडिलार्जित विहीर आटली. त्यांनी कर्ज काढून आमच्याहून खोल बोअर घेतली. २०१८-१९ च्या दुष्काळात दोन्ही कोरड्या पडल्या. ऊस वाळला, गाई छावणीत गेल्या, पुतण्या कोयता घेऊन ऊसतोडीस गेला, आणि भावाभावांत अबोला आला.

पाण्याची तूट अशी घरोघरच्या हिशेबात उतरते. कर्ज वाढते, जनावरे विकली जातात, दुकानदाराची उधारी थकते आणि दिवाळीनंतर शाळेतील बाके रिकामी होतात. हजेरीपटावर आम्ही ते वर्षानुवर्षे पाहिले. त्याचे मूळ विहिरीच्या तळाशी आहे, हे मात्र ओळखले नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने निराळी वाट धरली. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरउतारावर समतल चर खणले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा प्रघात पाडला.

आपल्या वधूवर मेळाव्यात मुलाकडे बोअर किती, असे विचारले जाते. त्याच्या गावाने पाणी किती मुरविले, हेही यापुढे विचारावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघा बंधूंनी शेतातील वाहते पाणी गाळून वडिलांच्या विहिरीत सोडले. ऊस सोडून आता ज्वारी-हरभरा घेतो. विहीर अद्याप भरलेली नाही. बोलणे मात्र सुरू झाले आहे.