वणव्याचा धूर आणि उपग्रहांची नजर

जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दक्षिणेला न्यूयॉर्क शहरावर उतरला. कॅनडाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र रेंगाळले होते. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्याच्या पश्चिम अंगाच्या वाऱ्यांनी धूर दक्षिणेकडे लोटला. ७ जूनला शहराचे आकाश नारिंगी झाले आणि हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला. अमेरिकी मोजपट्टीत ३०० च्या पुढची हवा सर्वांनाच घातक मानतात. महिनाअखेर कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून युरोपात पोहोचला. हा सारा प्रवास उपग्रहांनी टिपला होता.

धुराचा माग आगीपासून सुरू होतो. तापलेली जमीन ४ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त लहरींत ठळक उठून दिसते. ‘सुओमी एनपीपी’ उपग्रहावरील ‘व्हिअर्स’ हे उपकरण ३७५ मीटरच्या चौकोनांत आग शोधते; त्या चौकोनाचा लहानसा भाग पेटला असला तरी नोंद होते. आगीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या मापावरून किती जंगल जळत आहे आणि किती धूर निघेल, याचा अंदाज बांधतात.

पुढचे काम धूर ओळखण्याचे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह बारकावे दाखवतो, पण एका ठिकाणावरून दिवसात मोजक्याच वेळा जातो. सुमारे ३६,००० किलोमीटरवरचा ‘गोज-१६’ हा भूस्थिर उपग्रह मात्र अमेरिका खंडांसह अर्ध्या पृथ्वीचे चित्र दर १० मिनिटांनी घेत होता. एकाच चित्रात धूर आणि विरळ ढग यांची गल्लत होते. लागोपाठची चित्रे पाहिली की आगीपासून निघालेला पट्टा वेगळा कळतो. अवरक्त वर्णपटातील लांब लहरींना धुराचे बारीक कण फारसे अडवत नाहीत, ढग अडवतात. ही दुसरी खूण. धूर अतिनील किरण शोषतो, म्हणून ढगांवरून जाणारा धूरही अतिनील मोजमापात सापडतो. ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रहावरील ‘ट्रोपोमी’ धुरासोबतचा कार्बन मोनॉक्साइड मोजतो. हा वायू हवेत कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे दूरवरचा माग त्याच्या आधारे लावता येतो.

सर्वांत अवघड प्रश्न उंचीचा आहे. उपग्रहाला वरून हवेच्या संपूर्ण थरातला धूर एकत्र दिसतो. तीन-चार किलोमीटर उंचीवरचा दाट धूर चित्रात भयंकर दिसला, तरी त्याखालची हवा बऱ्यापैकी स्वच्छ असू शकते. जमिनीलगतचा विरळ धूर मात्र थेट श्वासात जातो. ‘टेरा’ उपग्रहावरील ‘मिसर’ नऊ कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या कोनांतून पाहून धुराची उंची काढतो. २००६ ते २०२३ या काळात ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने लेसर किरणांनी धुराचे थर मोजले. तरीही श्वासाच्या उंचीवर पीएम २.५, म्हणजे धुराचे बारीक कण, किती आहेत, हे जमिनीवरचे यंत्रच निश्चित सांगते.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेतील विश्लेषक चित्रे डोळ्यांनी तपासून नकाशावर धुराच्या सीमा आखतात आणि विरळ, मध्यम, दाट अशा तीन श्रेणी देतात. आगीची उष्णता आणि वाऱ्यांचे अंदाज संगणकीय प्रारूपात घालून पुढच्या दोन दिवसांचे भाकीतही केले जाते. आग, धूर, उंची आणि जमिनीवरचे मोजमाप ही चारही अंगे एकत्र वाचली, तरच इशारा विश्वासार्ह ठरतो.

हेच ‘व्हिअर्स’ भारताच्या जंगलांवरूनही जाते आणि भारतीय वन सर्वेक्षण त्याच्या नोंदींवरून आगीच्या सूचना देते. महाराष्ट्रात मेळघाट आणि गडचिरोलीतील जंगलांत उन्हाळ्यात वणवे लागतात. आगीची सूचना वनरक्षकाला मिळते, तशी धुराची सूचना जंगलालगतच्या गावांतील दम्याचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, शाळा आणि आरोग्य केंद्रे यांना वेळेत मिळाली पाहिजे. त्यासाठी अशा गावांजवळ हवा मोजणारी यंत्रे बसवावी लागतील आणि त्यांच्या नोंदी उपग्रहचित्रांशी जोडाव्या लागतील. हवामानतज्ज्ञ, वन अधिकारी आणि डॉक्टर यांनी हे काम मिळून हाती घ्यावे.