लहान्याच्या झोपडीपाशी कोण होते?

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' हा हिंदी चित्रपट १९८० साली आला. त्याचे लेखन विजय तेंडुलकरांचे. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून तुरुंगात आहे. नागीवर अत्याचार करून तिला मारणारे मात्र गावातील प्रतिष्ठित लोक आहेत. सरकारने नेमून दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी परोपरीने विचारतो. लहान्या तोंड उघडत नाही.

हे मौन अडाणीपणाचे नव्हे. बोलून न्याय मिळाल्याचा एकही अनुभव त्याच्या गाठीशी नाही आणि त्याचा म्हातारा बाप व तरुण बहीण त्याच लोकांच्या टाचेखाली आहेत. भास्कर जातीने, शिक्षणाने त्याच्यापासून दूरचा. पण बड्यांची नाराजी पत्करून तो येत राहतो. संवाद नसतानाही एक नाते जुळते.

अखेरीस बापाच्या अंत्यविधीसाठी आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि नागीचे भोग बहिणीच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून तिलाच ठार करतो. मग त्याचा आवाज फुटतो, पण तो शब्द नसतो. ती केवळ किंकाळी असते.

कुऱ्हाड अपराध्यांवर का पडली नाही, हा प्रश्न रास्त आहे. एकाकी माणसाचा संताप जुलूम करणाऱ्यापर्यंत पोचत नाही. तो जवळच्यांवर किंवा स्वतःवर कोसळतो, हेच त्याचे उत्तर. वाशीमला ते नवे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली; त्यांत वाशीम होता. भाव पाडणारा आणि चढे व्याज लावणारा सुखरूप राहतो, विष मात्र शेतकऱ्याच्याच पोटात जाते.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत आले. १९८७ साली त्यासाठी कायदा झाला. त्यामुळे गरिबाला वकील मिळू शकतो. बोलण्याचे अभय मात्र कायद्याच्या पुस्तकातून मिळत नाही. ते शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांकडूनच मिळते.

भास्कर प्रामाणिक होता, पण एकटा होता. तो तुरुंगात लहान्यासमोर बसला असताना बाहेर त्या झोपडीपाशी, बहिणीच्या सोबतीला, कोणीच नव्हते. कार्यकर्त्याची जागा तेथे आहे. किंकाळी फुटण्याच्या आधी.