मधे बसलेला माणूस कुणाचा?

(पिंपरीत कामगार आणि विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वकील नाही. दहावी झालो, आमच्या आज्ज्याच्या भाषेत मॅट्रिक, आणि मुंबईच्या गोदीत लागलो, ठेक्यावर. रात्री कविता लिहितो. तुमच्या चाकणला बनलेल्या गाड्या आमच्या बंदरातून परदेशी जातात. जहाजाच्या पोटात त्या ओळीनं उभ्या केल्या की पट्ट्यांनी आवळून बांधायच्या, हे आमचं काम. म्हणजे तुम्ही ज्या गाडीचा बोल्ट आवळता तिचा शेवटचा पट्टा मी आवळतो. आपली ओळख जुनीच आहे, भेट तेवढी आज होतेय.

विषय ठरलाय तो असा : मध्यस्थ आणि लवाद म्हणून जे वकील बसतात ते कुठून येतात, आधी काय करत होते? विषय कोरडा वाटेल. आमच्या घरात त्याची किंमत दोन बोटं आहे.

माझा थोरला भाऊ चाकणजवळ एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होता. सात माणसांचं वर्कशॉप. २०१९ साली प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. दादाचं वय तेव्हा २८. आठ दिवसांनी मालकानं ऑफिसात बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला दादा, आई आणि मी. मधे एक वकीलसाहेब. म्हणाले, मी कुणाचाच नाही, मी मध्यस्थ. कोर्टात गेलात तर दहा वर्षं, इथं दहा मिनिटं. आईला चहा दिला. आईला वाटलं, एवढा शिकलेला माणूस आपल्याला 'आई' म्हणतो. चाळीस हजार आणि एक कागद. दादानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. उजव्याला बँडेज होतं.

आता हिशेब ऐका. तेव्हा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. हिशेबाला पगार जास्तीत जास्त ८,००० रुपये धरत. त्याचे ६० टक्के, म्हणजे ४,८००. वय २८ असेल तर त्याला २११.७९ नं गुणायचं. होतात १०,१६,५९२. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली, असं कायद्याच्या परिशिष्टात छापलेलं होतं. म्हणजे २,०३,३१८ रुपये. दोन लाख तीन हजारांच्या जागी चाळीस हजार. आणि त्याच कायद्याचं कलम १७ म्हणत होतं की भरपाईचा हक्क सोडल्याचा कसलाही करार रद्दबातल. कलम २८ म्हणत होतं की असा समझोता आयुक्ताकडे नोंदवला पाहिजे. रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. वकीलसाहेबांना हे ठाऊक नव्हतं? सालं मला, दहावीवाल्याला, नंतर वाचून कळलं. त्यांना ठाऊक होतं. वर्षभरानं समजलं की त्या मालकाची सगळी कोर्टाची कामं कित्येक वर्षं तेच बघत होते.

म्हणून मी म्हणतो, मधे बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न कायद्याचा विचारू नका. विचारा, साहेब, तुम्ही काल कुणाच्या बाजूला बसला होता?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जुन्या गावगाड्यात शिवेचा वाद पेटला की महाराची साक्ष धरत. शीव कुठून जाते हे त्यालाच ठाऊक. साक्ष आमची; निवाड्याची बैठक मात्र पाटलाच्या चावडीवर. अजून तेच चाललंय. अपघात आमचा, बोटं आमची, साक्ष आमची. आणि मधल्या खुर्चीवर दुसऱ्याच आळीतला माणूस.

आज या खुर्चीवर कोण येतात? एक, निवृत्त न्यायाधीश. दोन, पंधरा-वीस वर्षं वकिली केलेले. त्यांतले काही कंपन्यांचे, काही विमा कंपन्यांचे, थोडे युनियनचे. तीन, कंपनीच्या पर्सोनेल खात्यात आयुष्य घालवून मागाहून एलएल.बी. झालेले. कोर्टाच्या यादीवर यायचं तर चाळीस तासांचं मध्यस्थीचं शिक्षण घेतात. चाळीस तासांत बोलायची रीत येते. वीस वर्षांची सवय तेवढ्यानं जात नाही. जन्मभर भरपाई कमी करण्यासाठी भांडलेला वकील वाईटच असेल असं नाही. पण त्याला चाळीस हजार हा आकडा रास्त वाटतो. त्याच्या हाताला तेच वजन ठाऊक.

२०१९ साली लवादाच्या कायद्यात लवाद कोण होऊ शकतो याची यादी घातली : दहा वर्षांचा वकील, चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, इंजिनियर अधिकारी. कामगार चळवळीत वीस वर्षं घालवलेला माणूस त्या यादीत नव्हता. २०२१ साली ती यादीच काढून टाकली. यादी गेली, खुर्चीवरची माणसं तीच राहिली.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या कामकाजात वकिलाला उभं राहायलाच बंदी होती. कामगार न्यायालयातसुद्धा समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागे. कारण उघड आहे, महागडा वकील मालकालाच परवडतो. मग वाट कशी निघाली? १९७६ साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वकील जर मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी म्हणून आला तर त्याला अडवता येत नाही. बंदर आमचं, वाट त्यांची! माणूस तोच, टोपी बदलली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो १९४७ चा कायदाच गेला, औद्योगिक संबंध संहिता आली. कायदे बदलतील. टोपी बदलायची युक्ती बदलत नाही.

कुणी म्हणेल, मग वकीलच नको. मी तसं म्हणत नाही. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी संपात लवाद होते आनंदशंकर ध्रुव, वकील नव्हे, प्राध्यापक. त्यांनी कामगारांची ३५ टक्क्यांची मागणी मान्य केली. आणि दुसरीकडे बाबासाहेब बघा. लंडनच्या ग्रेज इनचे बॅरिस्टर, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल. धंद्यानं पक्के वकील. पण राहिले कुठं? परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी. म्हणून १९३८ साली मुंबई सरकारनं समेट सक्तीचा करणारं आणि त्या काळात संपाला गुन्हा ठरवणारं बिल आणलं, तेव्हा हा बॅरिस्टर विधिमंडळात उभा राहिला आणि संपाच्या हक्काला त्यानं स्वातंत्र्याचंच दुसरं नाव दिलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. समेटाला बाबासाहेबांचा विरोध नव्हता. हात बांधून समेटाला बसवण्याला होता.

तेव्हा डिग्री कुठली हे निम्मं झालं. पत्ता कुठला, अशील कोण, फी कुणाकडून, हे उरलेलं निम्मं. आणि आपल्या आळीतला आहे म्हणून डोळे मिटू नका. आपल्यातलेही वकील मालकाच्या पायरीवर बसलेले मी पाहिलेत. जात बघून विश्वास टाकायचा नाही, वही बघून टाकायचा.

ही वही मागायचा हक्क आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवादाला लेखी सांगावं लागतं. गेल्या तीन वर्षांत या पक्षाचा वकील होतात का? याच पक्षानं दोन किंवा जास्त वेळा तुम्हाला लवाद नेमलंय का? आणि जो पक्षाचा नोकर किंवा सल्लागार आहे तो लवाद होऊच शकत नाही; वाद उभा राहिल्यावर दोन्ही बाजूंनी लेखी कबूल केलं तरच. म्हणून अशा कबुलीच्या कागदावर अंगठा देऊ नका. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही मध्यस्थानं आपले हितसंबंध आधी लेखी उघड करावेत असं लिहिलंय; मात्र ९ ऑक्टोबर २०२३ ला त्या कायद्याची काहीच कलमं लागू केली गेली. त्याच कायद्यात वस्तीच्या मध्यस्थीचं प्रकरण आहे. तीन जणांचं मंडळ, आणि त्यात वकीलच पाहिजे असं बंधन नाही. स्थानिक, ज्याचं काम लोकांनी पाहिलंय असा माणूस चालतो. निगडीच्या वस्तीतली बाई त्या मंडळावर का नको?

म्हणून तीन गोष्टी पाठ करा. एक, मधे बसणाऱ्याला विचारा, तुमची फी कोण देतं? दोन, या मालकाचं काम तुम्ही कधी केलंय का, कागदावर लिहून द्या. तीन, त्या दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, दुसऱ्याला वाचायला द्या. जो मध्यस्थ कागद घरी नेऊ देत नाही तो मध्यस्थ नाही.

आणि इथं बसलेल्या पोरापोरींना सांगतो, लॉला जा. निम्मे कामगारांची बाजू घ्या, निम्मे त्या मधल्या खुर्चीवर बसा. आमच्या दादाचा दावा आता पिंपरीच्या एका वस्तीतून आलेली वकील बाई चालवते. बाप महापालिकेत झाडूवर होता. दोन वर्षांची मुदत संपायला चौदा दिवस उरले असताना तिनं दावा लावला. पहिल्या दिवशी तिनं दादाचा हात हातात घेऊन बोटं मोजली आणि मग कागद मागितला. दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते सांगायला मी ज्योतिषी नाही.

दादा आता डाव्या हातानं लिहायला शिकतोय. पुढच्या वेळी अंगठा नाही, सही करायचीय म्हणतो. तीही वाचून.

जय भीम.