ऐकणाऱ्यांचें अंतःकरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांतील संगीतसंध्येच्या आरंभीं केलेलें भाषण)



थोड्याच वेळानें आपल्या धर्मग्रामांतील नऊ मुलेंमुली येथें बसून फिडल, व्हिओला आणि चेलो वाजवतील. गाणारा कोणी नाहीं, शब्द नाहींत, बँडही नाहीं. म्हणून गेल्या रविवारीं मिस्सा झाल्यावर एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "फादर, गायन असेल तर आम्ही मागून म्हणूं, पण नुसत्या तारा वाजूं लागल्या तर आम्ही करावयाचें काय?" हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर देण्यासाठींच आम्हीं आपला थोडा वेळ मागून घेतला आहे.

इंग्लंडांत ग्लॉस्टर नांवाचें शहर आहे. तेथील कॅथीड्रल मूळचें बेनेदिक्तीन संन्याशांचें मठमंदिर. त्याच्या बांधकामास १०८९ सालीं आरंभ झाला, आणि आठव्या हेन्रीनें मठ मोडल्यानंतर १५४१ सालीं तें अँग्लिकन कॅथीड्रल झालें. ग्लॉस्टर, हेरेफर्ड आणि वुस्टर या तीन शहरांत आळीपाळीनें एक संगीतोत्सव भरत असतो. १९१० सालीं पाळी ग्लॉस्टरची होती. ६ सप्टेंबरच्या सायंकाळीं लोक जमले होते ते एल्गार या कॅथॉलिक संगीतकाराची एक मोठी रचना ऐकण्यासाठीं. तिचे शब्द होते कार्डिनल न्यूमन यांच्या मरणासन्न आत्म्यावरील काव्याचे. त्याच न्यूमन यांस २०१९ सालीं संतपद मिळालें. या रचनेपूर्वीं सुमारें पाव तासाची एक नवी कृति वाजावयाची होती. ती केवळ तंतुवाद्यांसाठीं रचलेली होती, आणि राल्फ व्हॉन विल्यम्स हा सदतीस वर्षांचा संगीतकार स्वतः ती वाजवून घेणार होता.

कृति नवी, परंतु तिच्यांतील चाल जुनी. टॉमस टॅलिस यानें १५६७ सालच्या एका स्तोत्रसंग्रहासाठीं ती बांधली होती. इंग्लंडांत राजा बदलला कीं उपासनेची रीतही बदलावी, असे ते दिवस होते. टॅलिसनें चार राजवटींत राजमंदिराची चाकरी केली. मनानें मात्र तो जुन्या धर्मासच धरून राहिला, असें मानलें जातें. आपणां मराठी ख्रिस्ती जनांस येथें एक ओळखीची व्यक्ति आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्याच इंग्लंडांत त्याच काळीं टॉमस स्टीफन्स नांवाचा एक तरुण वाढत होता. तो देश सोडून रोमला गेला, येशूसंघांत शिरला, १५७९ सालीं गोव्यास उतरला, आणि १६१६ सालीं त्यानें आपल्या भाषेस ख्रिस्तपुराण दिलें. एकाच देशांतील एकाच संकटानें एकास आपल्या किनाऱ्यावर आणलें, आणि दुसऱ्याची चाल तीनशेंहून अधिक वर्षें जवळजवळ विसरलेली पडून राहिली. इंग्रजी स्तोत्रांच्या एका नव्या संग्रहाचें संपादन करतांना ती व्हॉन विल्यम्सच्या हातीं लागली. तो संग्रह १९०६ सालीं प्रसिद्ध झाला.

ही चाल चर्चच्या प्राचीन गायनांतील तिसऱ्या स्वरप्रकारांत, म्हणजे फ्रिजियनमध्यें आहे. सेमिनरींत ग्रेगोरियन गायन शिकतांना या प्रकाराशीं आमचा परिचय झाला होता. पुढें पेटी वाजविणाऱ्या एका मित्रानें दाखवून दिलें कीं, स्वरांच्या मांडणीनें पाहिल्यास हा आणि आपला भैरवी थाट एकच. रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद, चारही कोमल. मैफिलीच्या शेवटीं भैरवी लागली कीं आपलें मन कसें होतें, हें आपणांस ठाऊक आहे. तेव्हां ही चाल आपणांस अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं.

व्हॉन विल्यम्सनें वादकांचे दोन वृंद केले. एक मोठा, दुसरा आपल्या मुलांइतकाच, नऊ जणांचा, आणि शक्य तर दूर बसविलेला. शिवाय चार वादक मधूनमधून एकेकटे बोलतात. मोठा वृंद एखादें वाक्य म्हणतो, आणि दुरून तेंच हलक्या आवाजांत परत येतें. दगडी कमानींखालीं स्वर थांबल्यावरही क्षणभर रेंगाळतो. त्यामुळें उत्तर कोण देतो, वादक कीं भिंती, असा भास व्हावा. तबकडीवर अथवा मोबाईलवर हीच कृति आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे. सूर तेच असतात, परंतु जवळ आणि दूर हा भेद तेथें पुरता कळत नाहीं.

आतां त्या ऐकणाऱ्यांकडे वळूं. मंदिरांत टाळ्या वाजविण्याची प्रथा तेव्हां नव्हती. शेवटचा स्वर विरला, आणि लोक निःशब्द बसून राहिले. कोणाच्या मनांत काय झालें, तें त्या क्षणीं कोणासच कळलें नाहीं. वृत्तपत्रांचीं मतें एकसारखीं नव्हतीं. लंडनच्या एका मान्यवर टीकाकारानें लिहिलें कीं, हें अति जुनें आहे कीं अति नवें, हेंच समजेनासें होतें. खुद्द रचनाकारासही आपली कृति पुरी झाली असें वाटलें नसावें. १९१३ आणि १९१९ सालीं त्यानें ती पुन्हां हातीं घेऊन आटोपशीर केली.

श्रोत्यांत त्याच कॅथीड्रलच्या ऑर्गनवादकाचे दोन विद्यार्थी होते. हर्बर्ट हॉवेल्स सतरा वर्षांचा, आयव्हर गर्नी वीस वर्षांचा. कृति संपल्यावर व्हॉन विल्यम्स खालीं आला तो नेमका हॉवेल्सच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला, आणि दोघांनीं एकाच पुस्तकांत पाहून एल्गारची रचना ऐकली. त्या रात्रीं त्या दोघां मित्रांस झोंप आली नाहीं. ते ग्लॉस्टरच्या रस्त्यांवरून कितीतरी वेळ हिंडत राहिले. हॉवेल्स म्हातारपणींही ही आठवण सांगत असे.

पुढें काय झालें? गर्नी महायुद्धांत गेला, जखमी झाला, विषारी वायूनें ग्रासला. त्याच्या बुद्धीस भ्रम झाला, आणि १९२२ पासून १९३७ सालीं मरण येईपर्यंत तो वेड्यांच्या इस्पितळांतच राहिला. हॉवेल्सचा नऊ वर्षांचा मुलगा १९३५ सालीं पोलिओनें गेला. त्या दुःखांतून त्यानें एक रचना केली, परंतु ती वर्षानुवर्षें कोणास ऐकविली नाहीं. अखेर मित्रांनीं भीड घातली, त्यांत व्हॉन विल्यम्सही होता. आणि १९५० सालीं त्याच ग्लॉस्टरच्या मंदिरांत ती प्रथम झाली.

हें आम्ही मुद्दाम सांगत आहों. संगीत ऐकून मनुष्याचें दुःख टळतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. गर्नीचें टळलें नाहीं. व्हॉन विल्यम्स तर आपल्या अर्थानें श्रद्धावंतही नव्हता. परंतु त्या पाव तासांत एका मुलाच्या मनांत जें पडलें, तें पुढें त्याच्या उपयोगीं पडलें. कधीं आणि कसें, हें त्यास त्या रात्रीं सांगतां आलें नसतें.

आतां आमचा स्वतःचा एक अपराध. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही धर्मग्रामांतील वीसेक मंडळी घेऊन मुंबईस एका तंतुवाद्यवृंदाचें वादन ऐकावयास गेलों होतों. परत येतांना विरार लोकलमध्यें आम्हीं शाळामास्तरासारखें एकेकास विचारलें, "काय समजलें?" कोणी चेलो गोड म्हणाला, कोणी वादकांच्या शिस्तीची तारीफ केली. एक वृद्ध बाई म्हणाल्या, "मला कांहींच कळलें नाहीं." मुलें हंसलीं, आणि आम्हीही हंसलों.

आठवड्यानंतर त्या बाई मिस्सा झाल्यावर मागें थांबल्या. म्हणाल्या, "फादर, तीं मोठीं फिडलें हळू वाजत होतीं ना, तेव्हां आमच्या ह्यांचा शेवटच्या रात्रींचा श्वास आठवला. तसाच ओढून ओढून यायचा. त्या रात्रीं मी भ्यालें होतें, ह्यांचा हातसुद्धां धरला नाहीं. त्या दिवशीं मात्र भीति वाटली नाहीं. मनांतल्या मनांत धरला." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्या आज आपल्यांत नाहींत.

तेव्हां त्या गृहस्थांच्या प्रश्नास आमचें उत्तर एवढेंच, कीं आज आपणांस कांहीं करावयाचें नाहीं. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. मन घरीं, शेतांत अथवा स्मशानभूमींत गेलें, तर जाऊं द्या. कांहींच वाटलें नाहीं, तर त्याचीही लाज नको. फक्त दोन विनंत्या आहेत. शेवटचा स्वर पुरता विरूं द्या. हें सभागृह आहे, टाळ्या मग खुशाल वाजवा. आणि घरीं जातांना शेजाऱ्यास "काय समजलें?" असें विचारूं नका. तो आपण होऊन कांहीं सांगूं लागला, आज अथवा महिन्यानें, तर मात्र हातांतलें काम ठेवून ऐका.

मुलांनीं टॅलिसची ती मूळ चाल दोन महिने बसविली आहे. ती चार-पांच मिनिटांत संपेल. मुलांनो, तारा लावून झाल्या असतील तर आतां या. देव तुमचें आणि ऐकणाऱ्या सर्वांचें कल्याण करो.